पाण्याचा मुक्काम

जुलै-ऑगस्टात पुण्यात रोज एकच आकडा विचारला जातो. खडकवासल्यातून किती सोडलंय? चार हजार, नऊ हजार, पंचवीस हजार क्युसेक. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर, हा गुणाकार कोणी करत बसत नाही. आकडा चढला की मुठा नदीच्या पात्रातल्या गाड्या हलवायची पळापळ होते, बाबा भिडे पूल पाण्याखाली जातो आणि झेड ब्रिजच्या कठड्याला माणसं चिकटून उभी राहतात. मीही जाते, कणीस घेऊन. माझ्या डोक्यात मात्र त्या वेळी वेगळीच वस्ती असते. मे महिन्यात याच पात्रात साचलेल्या पाण्यात, एकेका लिटरमध्ये शेकड्यांनी, कधी हजारांनी जीव होते. दरवाजे उघडले की काही तासांत त्यातले जवळजवळ सगळे संगम ओलांडून भीमेच्या दिशेने निघून गेलेले असतात. स्थलांतरितांच्या यादीत त्यांचं नाव नसतं.

प्राणिप्लवक म्हणतात त्यांना. पाण्यात तरंगत राहणारे, प्रवाहाविरुद्ध जायची ताकद नसलेले सूक्ष्म प्राणी. मी प्राणिशास्त्र शिकवलं. नदीचं पाणी गाळणं आधी विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टपुरतं होतं, पुढे सवय होऊन बसली. निवृत्तीनंतरही सुटली नाही. घरात एक जुना सूक्ष्मदर्शक आहे आणि फ्रिजच्या दारात, लिंबाच्या लोणच्याशेजारी, नमुन्यांच्या बाटल्या. घरच्यांनी या व्यवस्थेशी तह केलेला आहे.

नदीतली तीन घराणी ओळखता आली तरी पुष्कळ काम भागतं. पहिलं रोटिफरांचं. मिलिमीटरच्या दहाव्या भागापासून अर्ध्या मिलिमीटरपर्यंतचे हे प्राणी नुसत्या डोळ्यांना दिसतच नाहीत. दुसरं पाणपिसवांचं. मोइना, डायाफॅनोसोमा, सेरिओडॅफ्निया ही त्यांची नावं. झटके देत पोहणाऱ्या या पिसवा बाटली उजेडात धरली तर टिंबांसारख्या कळतात. तिसरं कोपेपॉडांचं. शाळेच्या पुस्तकातला एकडोळ्या सायक्लॉप्स याच घरातला. एकपेशीय मंडळी आणि शिंपल्यात राहणारे ऑस्ट्रॅकॉडही असतात, पण आजचा विषय या तिघांचा आहे.

गोळा करायची रीत फार साधी आहे. नायलॉनच्या अतिशय बारीक कापडाचा शंकू, छिद्रं साठेक मायक्रॉनची, टोकाला छोटी बाटली. त्यातून पन्नास लिटर पाणी मोजून बादलीबादलीने ओतायचं. आमच्या प्रयोगशाळेतले मामा दोरी धरून काठावर उभे असत. एवढं पाणी उपसून बाटलीत बोटभरच उरलेलं बघून त्यांना दर वेळी वाईट वाटे. "मॅडम, यात काय हाय?" असं विचारत. मी त्यांना सूक्ष्मदर्शकात दाखवलं, तेव्हापासून ते बाटली दोन्ही हातांत धरून आणायला लागले.

यात एक गोम आहे. नमुना टिकवायला फॉर्मॅलिन घालतात. फॉर्मॅलिन पडलं की कवच नसलेले रोटिफर अंग आखडून घेतात आणि त्यांचा ओळखू न येणारा गोळा होतो. म्हणून थोडं पाणी जिवंत ठेवून आधी तेच बघायचं. मोजणी नंतर. मोजायला सेजविक-राफ्टर नावाची काचेची चौकट असते, पन्नास मिलिमीटर लांब, वीस रुंद, एक खोल. बरोबर एक मिलिलिटर पाणी मावतं. डोळा एका चौकोनावरून दुसऱ्यावर सरकवत जायचं, हातात नोंदवही. कंबर धरते. पण जिवंत थेंबाची गोष्ट निराळीच.

बंडगार्डनच्या बंधाऱ्यामागच्या पाण्याचा असा एक थेंब एप्रिलमध्ये काचपट्टीवर घ्या. पहिल्यांदा हिरवट धूसर काहीतरी दिसतं. फोकस बसला की एक पारदर्शक डबी सरकत येते. ब्रॅकिओनस. डबीच्या पुढच्या कडेला सहा काटे, त्यांच्या मधून बाहेर आलेले केसाळ रोमांचे दोन झुबके. रोम इतक्या लयीत हलतात की दोन चाकं फिरताहेत असा भास होतो. ती चाकं पाणी आत ओढतात. पाण्याबरोबर शैवालाच्या पेशी, जिवाणू, कचऱ्याचे कण आत जातात. थोडं खाली, डबीच्या आत, जबडा चालू असतो. थांबतच नाही. डोक्याशी लाल डोळा, एकच. मागून एक वळ्यावळ्यांचा पाय बाहेर येतो, इकडेतिकडे चाचपतो, एखाद्या कणाला टेकतो आणि आत जातो. पायाच्या मुळाशी दोन अंडी लटकलेली. नराचा संबंध आलेला नसतो. मादीच माद्यांना जन्म देत सुटते. पाणी ऊबदार आणि खायला भरपूर असलं तर ही जन्मलेली पोर दोन-तीन दिवसांत स्वतः अंडी घेऊन फिरायला लागते. आयुष्य सगळं मिळून आठवडा-दीड आठवडा.

त्याच थेंबात कधी एक मोठी, रिकाम्या पिशवीसारखी आकृती येते. ॲस्प्लँक्ना, शिकारी. तिच्या पोटात गिळलेला ब्रॅकिओनस आरपार दिसतो. ही आसपास असली की तिच्या अंगातून पाण्यात उतरणारं एक रसायन ब्रॅकिओनसच्या अंड्यांतल्या पिल्लांपर्यंत पोचतं, आणि पुढची पिढी मागच्या बाजूला लांबलचक काटे घेऊन जन्मते. गिळायला अवघड. जॉन गिल्बर्ट यांनी १९६६ मध्ये हे प्रयोगाने दाखवलं. आईला हे मागचे काटे नाहीत आणि लेकीला आहेत, असं चित्र थेंबात दिसलं की जवळपास शिकारी आहे हे शिकारी न दिसताही कळतं.

नदीच्या पाण्यात काय काय मोजतात, हे आता बहुतेकांना ठाऊक असतं. तापमान, सामू, विरघळलेला प्राणवायू, नायट्रेट, फॉस्फेट, गढूळपणा. या सगळ्यांचा या जिवांवर परिणाम होतो, याबद्दल वाद नाही. पण इतकी वर्षं बाटल्या भरल्यावर माझं मत असं झालंय की नदीच्या बाबतीत पहिला प्रश्न या यादीत नसतोच. तो असतो मुक्कामाचा. पाणी एका जागी किती दिवस थांबतं?

रोटिफरला पिढी उभी करायला दोन-तीन दिवस पुरतात. मोइनाला उन्हाळ्यात चार-पाच दिवस, इतर पाणपिसवांना आठवड्याच्या आसपास. सायक्लॉप्सची गोष्ट लांबते. अंड्यातून निघालेलं पिल्लू नॉप्लियसच्या सहा अवस्था काढतं, मग कोपेपोडाइटच्या पाच, तेव्हा कुठे प्रौढ. सगळं मिळून दोन-तीन आठवडे. आता पाणी एका ठिकाणी तीनच दिवस टिकत असेल तर तिथे कोण नांदणार? गाडी दहा मिनिटं थांबते त्या स्टँडवर चहा घेऊन येता येतं, जेवण होत नाही, तसं आहे हे. वाहत्या नदीत रोटिफर सगळ्यांत जास्त का सापडतात, याचं उत्तर त्यांच्या कुठल्या खास गुणात शोधायला नको. त्यांचं आटोपतं लवकर.

म्हणून पावसाळ्यात, दरवाजे उघडे असताना, जाळ्यात येतं ते माती, पाचोळ्याचे तुकडे, काठावरून खरवडून आलेले एखाददुसरे लेकेन नावाचे रोटिफर, आणि स्वतःभोवती कवचाचं घर करणारे आर्सेला-डिफ्लुजिया यांसारखे अमीबांचे भाऊबंद. गढूळ पाण्यात पाणपिसवांचे हाल आणखी वेगळे. त्या गाळून खाणाऱ्या. चिकणमातीचे कण अन्नासोबत पोटात जातात, पोट भरतं, पोषण होत नाही. ऑक्टोबरात विसर्ग थांबतो, पाणी निवळतं, ऊन तळापर्यंत जायला लागतं, शैवाल वाढतं. मग आधी रोटिफर, मागोमाग मोइना, दिवाळी सरली की सायक्लॉप्स. दर वर्षी तारखा मागेपुढे होतात, क्रम सहसा बदलत नाही.

पूर्वीच्या नदीत हा मुक्काम डोह देत असत. प्रवाह वरून जायचा आणि डोहाच्या पोटात पाणी आठवडेच्या आठवडे फिरत राहायचं. देहूच्या इंद्रायणीच्या डोहाचं नाव सगळ्यांना माहीत आहे, त्याचं कारण वेगळं. पण प्रत्येक नदीला असे आपले डोह होते. पूर ओसरला की तिथून पुन्हा सगळीकडे बियाणं पसरे. वाळूउपशाने आणि पात्र सरळ करण्याच्या हौसेने त्यातले किती राहिले हे नदीकाठच्या जुन्या पोहणाऱ्यांना विचारावं. आता मुक्कामाची व्यवस्था माणसाकडे आहे. वर धरणं, खाली बंधारे. भीमेवरच्या कोल्हापुरी बंधाऱ्यांना पावसाळा संपला की बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात आणि पुढच्या पावसाआधी काढतात. बर्गे पडले की मागचं पाणी तळ्यासारखं वागायला लागतं आणि त्यातली वस्तीही तळ्यातली होते. नदीतले प्राणी नदी राहत नाहीत, असं एका विद्यार्थिनीने उत्तरपत्रिकेत लिहिलं होतं. वाक्य व्याकरणात बसत नव्हतं. मी पूर्ण गुण दिले.

मुठेची अडचण अशी की तिला मुक्काम मिळतो, पण कसल्या पाण्याचा? पावसाळा सोडला तर खडकवासल्याचं पाणी नदीत फारसं उतरत नाही. ते जलवाहिन्यांतून शहराकडे आणि कालव्यातून शेतीकडे जातं. शहरातून जे वाहताना दिसतं ते बहुतांश आपण वापरून सोडलेलं असतं, काही शुद्ध केलेलं, काही तसंच. या पाण्याची परीक्षा घ्यायला मला महागड्या यंत्रापेक्षा जुनी विंकलर पद्धत आवडते. लुडविग विंकलर यांनी १८८८ मध्ये दिलेली. काचेच्या बाटलीत पाणी हवा न शिरू देता काठोकाठ भरायचं, त्यात मँगनीज सल्फेट आणि आयोडाइडचं अल्कली द्रावण सोडायचं, झाकण लावून उलटसुलट करायचं. पाण्यात प्राणवायू असला तर विटकरी साका धरतो. जितका गडद, तितका प्राणवायू जास्त. खडकवासल्याच्या पाण्यात तो छान काथ्याच्या रंगाचा येतो. खाली शहरात, उन्हाळ्यातल्या पहाटे, काही ठिकाणी साका पांढराशुभ्र राहतो. पुढे टायट्रेशन करून प्राणवायू मोजायची गरजच उरत नाही. विद्यार्थ्यांना आधी वाटतं की रसायन जुनं झालं. मग दुसरी बाटली भरतात. तीही पांढरी.

पहाटेच का, तर रात्रभर शैवालही श्वास घेतं आणि प्राणवायू तयार करत नाही. त्यातून पाणी गरम. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांना साडेसातच. दुपारी चित्र उलटं होतं. शैवाल कार्बन डायऑक्साइड खाऊन टाकतं, सामू चढतो, आणि मग नवीनच संकट येतं. मैलापाण्यातला अमोनिया कमी सामूला बराचसा निरुपद्रवी रूपात असतो. सामू आणि तापमान चढलं की त्याचा विषारी भाग वाढतो. म्हणजे सकाळी श्वास कोंडायचा आणि दुपारी विष, आणि दोन्ही वेळा पाणी तेच. महिन्यातून एकदा, सकाळी अकराच्या सुमाराला भरलेल्या नमुन्यात यातलं काहीच सापडत नाही. तपासणी करणाऱ्यांची गाडी साधारण अकरालाच येते.

अशा पाण्यात कोणी नसेल असं वाटेल. गर्दी असते! मोइना तर अशा जागी लाल होते. प्राणवायू कमी पडला की ती शरीरात हिमोग्लोबिन वाढवते आणि बाटलीत लालसर धूर हलल्यासारखा दिसतो. रोटारिया नेप्च्युनिया नावाचा एक रोटिफर दुर्बिणीच्या नळीसारखा लांबतो आणि आखडतो. घाण पाण्याची ही जुनी ओळख. ज्या गटातला तो आहे त्या डेलॉइड रोटिफरांत आजवर एकही नर सापडलेला नाही. ब्रॅकिओनस रुबेन्स तर मोइनाच्या पाठीवर बसून फिरतो. एकेका मोइनावर असे कितीतरी, बिचारीला पोहणं जड जातं. फिलिनिया, हीही रोटिफरच, आपल्या लांब दोऱ्यांनी उड्या मारते. एका लिटरमध्ये दोन-तीन हजार डोकी भरतात आणि जाती बघायला गेलं तर बोटांवर मोजून संपतात. वर खडकवासल्याच्या फुगवट्यात याच्या उलट. एका लिटरमध्ये शंभर-दोनशेच, पण बॉस्मिना आहे, डायाफॅनोसोमा आहे, केराटेलाच्या निरनिराळ्या जाती आहेत, हेलिओडायाप्टोमससारखे लांब मिशांचे कोपेपॉड आहेत. नोंदवहीची पानं भरतात.

ही गोष्ट लोकांना पटवणं कठीण जातं. पाण्यात जीव आहेत म्हणजे पाणी चांगलं, असा सरळ समज असतो, आणि तो चुकीचा म्हणावा तर उपमर्द होतो. संख्या आणि विविधता या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध दिशेला जाऊ शकतात. गर्दी वाढली याचा अर्थ कित्येकदा एवढाच असतो की बाकीच्यांनी जागा सोडली आणि ज्यांना कशाचंच काही वाटत नाही ते उरले.

यावरून पाण्याची प्रत ठरवायचे प्रयत्न जुने आहेत. आपल्याकडे नागपूरच्या ज्या संस्थेचं नाव १९७४ मध्ये नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) झालं, तिथे एच. सी. अरोरा यांनी १९६०च्या दशकातच रोटिफरांकडे पाण्याच्या पोषणमानाचे, म्हणजे त्यात पोषकद्रव्यं किती आहेत याचे, दर्शक म्हणून बघितलं होतं. युरोपात व्लादिमीर स्लादेचेक यांनी १९८३ मध्ये एक सुटसुटीत भागाकार सुचवला. पाण्यात ब्रॅकिओनसच्या किती जाती, भागिले ट्रायकोसर्का या दुसऱ्या रोटिफरच्या किती जाती. एकाच्या खाली आलं तर पाणी कमी पोषणाचं, दोनच्या वर गेलं तर अतिपोषणाचं. परीक्षेला हा भागाकार हमखास येतो. पण तो इथे जसाच्या तसा लावू नये, असं माझं ठाम म्हणणं आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणावरून येणारं आपलं पाणी मुळातच थोडं अल्कधर्मी, वर उष्ण. ब्रॅकिओनसला हे मानवतं. त्यामुळे धरणातलं बऱ्यापैकी स्वच्छ पाणीही या कसोटीवर उगाच नापास होतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जैविक कसोट्या तळाच्या मोठ्या अपृष्ठवंशी प्राण्यांवर, म्हणजे अळ्या, गोगलगायी, कृमी यांच्यावर उभ्या आहेत. ते ठीकच. पण तळ काँक्रीटचा केल्यावर तळाचे प्राणी कुठून मोजणार, हा प्रश्न आता येऊ घातलाय.

जलपर्णीबद्दल मात्र माझ्या मनात दुफळी आहे. तिने मुळा-मुठेचं काय केलंय हे मुंढव्याच्या पुलावरून दिसतं. मधोमध, दाट थराखाली, उजेड नाही, शैवाल नाही, प्राणवायू नाही, जवळपास कोणी नाही. पण थराच्या कडेला, जिथे मुळांच्या झालरी उघड्या पाण्यात लोंबतात, तिथे एक मूठभर मुळं बादलीत खळखळून बघा. लेकेनच्या जाती, कायडोरस, ऑस्ट्रॅकॉड, काय काय पडतं. मुळांना चिकटून राहणारे, प्रवाहात तग न धरणारे सगळे आश्रयाला आलेले. नदीत मला मिळणारे सगळ्यांत विविध नमुने कित्येकदा याच कडेचे असतात. डासांचा त्रास झाला की जलपर्णी काढायची ओरड होते आणि काढायलाच हवी. मी फक्त यंत्र यायच्या आधी एक बादली भरून ठेवते.

मुक्कामाचीच एक जुनी गोष्ट आजीकडून ऐकलेली. तिचं गाव मराठवाड्यातलं, बारवेचं पाणी पिणारं. पायाला नारूचा कृमी निघाला की तो काडीवर गुंडाळत, रोज थोडाथोडा. ओढायचा नाही. तुटला की पाय सुजून माणूस महिनाभर आडवा. हात-दीड हात लांबीचा दोरा, कधी त्याहून मोठा. तिच्या लेखी ती देवाची अवकृपा. खरा प्रकार असा की नारूच्या अळ्या सायक्लॉप्सच्या पोटात राहून दोनेक आठवड्यांत माणसाला लागण करण्याजोग्या होतात. तो सायक्लॉप्स पाण्यातून माणसाच्या पोटात गेला की झालं. वर्षभराने पायाला फोड येतो, पाय बारवेच्या पायरीवरून पाण्यात बुडाला की नव्या अळ्या सुटतात. "नदीकाठच्या गावाला नारू नव्हता गं," असं आजी म्हणे, त्यांच्या पुण्याईचा भाग म्हणून. पुण्याई प्रवाहाची होती. सायक्लॉप्सला ठरायला आणि त्याच्या पोटातल्या अळीला पिकायला जे दोन आठवडे लागतात ते वाहतं पाणी देत नाही. पुढे पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्या, हातपंप बसवले, पाणी कापडाने गाळून प्यायला शिकवलं. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात नोंदला गेला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. लसीशिवाय, औषधाशिवाय. बांगलादेशातल्या मतलब भागात सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रिटा कॉलवेल यांच्या गटाने जुनी साडी चार पदरी करून पाणी गाळायला सांगितलं तेव्हा कॉलरा जवळपास निम्म्यावर आला, कारण कॉलऱ्याचे जिवाणू कोपेपॉडांच्या अंगाला चिकटून येतात. २००३ मध्ये ते छापून आलं. धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड लागतं, नव्याने भागत नाही.

पुण्यातून वाहून गेलेली मंडळी भीमेतून शेवटी उजनीला पोचतात. पोचणाऱ्यांपेक्षा वाटेत मरणारे जास्त. पण आपण धाडलेलं फॉस्फेट मात्र नक्की पोचतं. तिथे पाण्याला मुक्कामच मुक्काम. आता सगळ्यांनी, अगदी सायक्लॉप्सनेही, सुखाने नांदायला हरकत नसावी. उन्हाळ्यात मात्र पाण्यावर हिरवा रंग ओतल्यासारखी मायक्रोसिस्टिस या निळ्या-हिरव्या शैवालाची साय येते. ही निळी-हिरवी मंडळी चिकट वसाहती करून राहतात. पाणपिसवांची गाळणी त्यात अडकते, गिळलं तरी पचत नाही, वर काही वेळा विष. लहान तोंडाचे रोटिफर जिवाणू टिपून निभावून नेतात. शिवाय वरून मासे. कटला पृष्ठभागाजवळ तोंड वासून प्लवकच गाळतो आणि मोठ्या, सावकाश पाणपिसवा आधी संपवतो. भिगवणचे होडीवाले चिलापीच्या नावाने खडे फोडतात. "ताई, जाळ्यात दुसरं काही येतच नाही," म्हणतात. हिवाळ्यात येणारे रोहित पक्षी चोच उलटी करून चिखलपाणी गाळतात, तीही माझ्या जाळ्याचीच जात. पर्यटक फोटो काढतात ते गुलाबी पंखांचे. खालच्या पाण्याचा रंग कोणी फ्रेममध्ये येऊ देत नाही.

तर मग दर पावसाळ्यात पात्र धुऊन निघाल्यावर पुढच्या ऑक्टोबरात पुन्हा वस्ती येते कुठून? काही वरच्या धरणातून, काही काठच्या खाचांतून. आणि बरीच तळातून. दिवस वाईट आले, गर्दी झाली, अन्न संपलं, पाणी आटायला लागलं की रोटिफर एरवीची अंडी थांबवतात, नर जन्माला घालतात आणि जाड कवचाची अंडी तयार करतात. पाणपिसवा तर पाठीवरच्या खोगिरासारख्या डबीत एक-दोन अंडी बंद करून कात टाकतात. ही अंडी गाळात पडून राहतात, सुकतात, तरी जिवंत. अमेरिकेत एका तलावाच्या गाळातली कोपेपॉडांची तीनशे वर्षांहून जुनी अंडी उबवल्याचं १९९५ मध्ये प्रसिद्ध झालं.

विठ्ठलवाडीच्या वर, काठाजवळ, मे महिन्यात भेगाळलेल्या गाळाची चार ढेकळं मी पिशवीत आणली होती. मुरंब्याच्या रिकाम्या बरणीत टाकून वर पावसाचं साठवलेलं पाणी ओतलं आणि खिडकीत ठेवलं. दोन दिवसांनी एकपेशीय. मग रोटिफर, लेकेन आणि दोन प्रकारचे ब्रॅकिओनस. दुसऱ्या आठवड्यात बरणीच्या भिंतीशी काहीतरी गोलसर टुणटुण उड्या मारताना दिसलं. ड्रॉपरने उचलून बघितलं तर सेरिओडॅफ्निया, पोटात पिल्लं. शहरातल्या मुठेच्या उघड्या पाण्यात मला ती कधी मिळालेली नाही. गाळाने ती सांभाळून ठेवली होती, कोणास ठाऊक किती पावसाळ्यांपासून.

नदीतला गाळ काढायची कामं आता जोरात आहेत. पुराचा धोका, सुशोभीकरण, कारणं असतात आणि काही खरीही असतात. निविदेत, तिच्या बीओक्यूत म्हणजे कामाच्या परिमाणांच्या तक्त्यात, गाळ ब्रासमध्ये मोजलेला असतो, सोबत वाहतुकीचा दर आणि टाकायची जागा. एका बैठकीत मी या अंड्यांचा विषय काढला. समोरचे अभियंते सज्जन होते, नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, याचा बीओक्यूत कॉलम कुठला?" मला हसू आलं, त्यांनाही. पण प्रश्न रास्त होता, म्हणून घरी येऊन अर्ज लिहिला. विठ्ठलवाडीच्या वरच्या काठाचा निदान एक पट्टा, पन्नास मीटरचा, खरवडू नये. तिथला गाळ दर वर्षी एकदा बरणीत घालून काय उगवतं ते बघावं, खर्च शून्य, बरणी माझी. सोबत सेरिओडॅफ्नियाचा फोटो जोडला. अर्जाची पोच मिळाली आहे, तारखेच्या शिक्क्यासकट.